भागाबाई किती शिकली?

सुंदरअक्का जळगावला आली ती भाकरी करायला. सत्तेचाळीस सालचा जून महिना होता. रावेर तालुक्यात तापीच्या अंगाला असलेल्या तिच्या गावातून त्या वर्षी एकदम चार मुलगे मॅट्रिक झाले. गावात असं कधी झालं नव्हतं. जळगावला कॉलेज निघून दोन-तीनच वर्षं झाली होती. चौघांच्या बापांनी पारावर बसून ठरवलं, की पोरांना तिथेच घालायचं. पण खायचं-प्यायचं काय? खाणावळीत पोरगं बिघडतं, यावर चौघांचंही एकमत.

आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. गावातल्या चार-पाच घरांनी मिळून शहरात एक खोली घ्यायची. ज्वारी, उडीद, मिरच्या, तेल ज्याच्या-त्याच्या घरून यायचं, आणि रांधायला गावातलीच एखादी पोक्त, मागे पाश नसलेली बाई खोलीवर जाऊन राहायची. तिला 'खोलीवरची' म्हणत.

अक्काचा नवरा ऐन उमेदीत गेलेला. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर कौतिक, त्याच्या घरात ती राहायची. कौतिक केळी करणारा, कष्टाळू, बोलायला थोडा खरबरीत. त्याने विचारलं, "वयनी, जाशील का खोलीवर? दोन-तीन वर्षांचा सवाल हाये."

अक्का म्हणाली, "तठी राममंदिर हाये ना? मग जाईन."

ती दोन-तीन वर्षं सरली. पहिली पोरं गेली, दुसरी आली, दुसरी गेली, तिसरी आली. अक्का तिथेच होती.

खोली होती मंदिरामागच्या गल्लीत. एका कोपऱ्यात चूल, भिंतीला खुंट्या, खुंट्यांना कोट, आणि मध्ये जी जागा उरेल तिच्यात पोरं. अक्का पहाटे उठून अंघोळ करायची, मंदिरात जाऊन यायची आणि चुलीपुढे पाटावर बसायची. तोंड चुलीकडे, पाठ पोरांकडे. पोरं हातात पुस्तक धरून खोलीभर फिरत इंग्रजी घोकायची. अक्काला वाटलं, मंत्रच म्हणतात. आठ दिवस तिने ऐकलं. नवव्या दिवशी ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "मंदिरातला बुवा एक ओवी म्हणतो अन् मग घडीभर तिचा अर्थ सांगतो. तुम्ही नुसत्या ओव्याच म्हणू राहिले. अर्थ कोण सांगंल?"

एक पोरगा म्हणाला, "अक्का, हे तुले नाही समजायचं."

"मले नाही समजलं म्हणजे तुले सांगता येत नाही. तुले सांगता येत नाही म्हणजे तुलेबी समजलं नाही."

त्या दिवसापासून खोलीचा कायदा ठरला. आज कॉलेजात काय शिकलो, ते जो अक्काला कळेल असं सांगेल, त्याला तव्यावरची पहिली भाकर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची, टम्म फुगलेली, वर लोण्याचा गोळा. बाकीच्यांनी थांबायचं. अठरा वर्षांच्या भुकेल्या पोराला समोर फुगलेली भाकर दिसली, की तो प्लासीची लढाईसुद्धा आपल्या बोलीत सांगतो.

आणि अक्का नुसती ऐकायची नाही. विचारायची. एकाने कुठल्याशा तहाची हकिकत सांगितली, तेव्हा तिने विचारलं, "राजांनी कागदावर शिक्के मारले ते समजलं. पण फौज पावसाळाभर त्या गावात व्हती म्हणतो. मग लोकांनी पेरलं केव्हा?" त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात तोच प्रश्न विचारला. प्रोफेसर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. तुमचा आहे का?"

"नाही सर. आमच्या खोलीवर एक सीनियर आहेत."

ही गोष्ट पोरं कितीतरी दिवस सांगून हसायची. अक्का म्हणायची, "हसा, पण पेरलं केव्हा ते सांगा आधी."

खोलीवरची पोरं एकेक करून मार्गी लागली. कोणी तलाठी, कोणी हायस्कुलात मास्तर, एक डॉक्टर. राहिला तो फक्त जीवराम, आणि तोच नेमका घरचा. कौतिकचा थोरला मुलगा.

जीवराम पुस्तक घेऊन फिरायचा नाही. अक्काजवळ चुलीच्या बाजूला बसायचा, लसूण सोलून द्यायचा आणि दुसरी पोरं जे सांगत ते कोळशाने फरशीवर काढायचा. बादशहा काढायचा, गव्हर्नर काढायचा, कॉलेजचे प्रोफेसर तर असे काढायचा की पोरं भाकर विसरायची. इंटरला दोनदा आपटला. मग धुळ्याला गेला आणि 'पांझराकाठ' नावाच्या साप्ताहिकात प्रुफं तपासायला लागला. तिथे तो चित्रंही काढतो म्हणे, एवढंच अक्काला ठाऊक. धुळ्याचा पेपर जळगावला कोण आणतो?

कौतिकने मात्र वहिनीला बजावून ठेवलं होतं. "आखाजीपर्यंत वाट पाहतो. त्या पेपरवाल्याने कायम केलं तर ठीक. नाही तर यंदा सालदार एकच ठेवीन अन् दुसऱ्याच्या जागी जीवराम केळीत उभा राहीन. चित्रं काढून कोणाचं पोट भरलं?"

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतकऱ्याचं साल बदलतं. सालदार, म्हणजे सालभरासाठी ठेवलेले गडी, त्या दिवशी ठरतात, आणि ठरलं ते वर्षभर हलत नाही. अक्काला हे चांगलं माहीत होतं. कोळसा धरणारा तो हात केळीच्या खोडांत कसा रमणार, हेही माहीत होतं. रोज संध्याकाळी दिवा लावताना ती बाकी पोरांचं नाव घेऊन झालं, की जीवरामच्या नावापाशी जरा जास्त थांबायची.

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये पोरं परीक्षा देऊन गावी गेली होती, खोली रिकामी होती, तेव्हा धुळ्याहून कार्ड आलं. पोथी वाचता वाचता अक्काला अक्षरं लागायची, तसं तिने बोट ठेवून वाचलं.

'ती. अक्कास जीवरामचा शि. सा. नमस्कार. येथे भागाबाईवरून मोठा घोळ झाला आहे. तिचं वय काय, शिक्षण किती, घराणं कुठलं, असं शेठजी विचारतात. शुक्रवारपर्यंत उत्तर दिलं नाही तर माझं इथलं काही खरं नाही. उत्तर तुझ्याजवळच आहे. जमलं तर ये. आबांना कळवू नको.'

अक्काने कार्ड दोनदा वाचलं आणि शेजारच्या धुरपदाबाईकडे गेली. धुरपदाबाई मंदिरात फुलं द्यायची, अक्काची जिवाभावाची.

"धुरपदा, पोराने सोयरीक जमवली."

"काय सांगता?"

"भागाबाई नाव हाये. वय, शिक्षण, घराणं विचारू राहिले. सोयरिकीत आणखी काय विचारतात? अन् बापाले कळवू नको म्हणतो."

धुरपदाबाईने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कार्ड बघितल्यावर तिलाही तसंच वाटलं. "पण अक्का, पोरीचं शिक्षण कुठे विचारतात?"

"धुळ्याले विचारत असतीन. तठून आग्रा रोड जातो. लोक पुढचे."

गुरुवारी सकाळी अक्काने एक नारळ, एक हिरवा खण आणि पावशेर साखर पिशवीत घातली, रामाला नमस्कार केला आणि धुळ्याची एस.टी. धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून गरम वारा येत होता आणि अक्का मनात भांडत होती. भांडण दिराशी. पोरगी परक्या गावची निघाली तर कौतिक काय म्हणेल, आपण काय म्हणू. परक्या जातीची निघाली तर? पारोळ्यापासून फागण्यापर्यंत तिने त्याचा विचार केला. मग तिने ठरवलं, देवाने गाठ घातली असेल तर आपण सोडवणारे कोण. पोरगी हसऱ्या तोंडाची असावी, म्हणजे झालं.

छापखाना पाचव्या गल्लीत होता. आत शाईचा वास, आणि पायाने मशीन चालवणारा एक काळासावळा माणूस. त्याचं नाव पुना.

"जीवराम कोठी हाये?" अक्काने विचारलं.

"कागद लेवाले गया शे. बसा आक्का, ई जाई आत्ते."

"तो येईल तवा येईल. ती भागाबाई कोठी हाये? आधी पोरगी दाखव मले."

पुनाचा पाय मशीनवरच थांबला. त्याने अक्काकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं, पुन्हा अक्काकडे पाहिलं, आणि तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला.

"आक्का, ती तं भीतवर शे. अन् तीच आठे उभी बी शे."

भिंतीवर पेपरची पानं ओळीने चिकटवलेली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चित्र, वर अक्षरं, 'भागाबाई म्हणते'. चित्रात चूल, चुलीपुढे पाटावर बसलेली बाई. कपाळापर्यंत पदर, हनुवटीवर गोंदण, हात काठवटीत आणि डोळे तिरपे, समोर उभ्या असलेल्या कोणातरी मोठ्या माणसाकडे. अक्काने पहिलं चित्र पाहिलं. दुसरं पाहिलं. पिशवी खाली ठेवून तिसऱ्याच्या अगदी जवळ गेली. लुगड्याची नेसण तिची, बसण्याची ढब तिची, पायाजवळची फुंकणीसुद्धा तिचीच.

मग ती म्हणाली, "नाक लय मोठं काढलं."

"बठ्ठा लोक पहिले हाईच चित्र दखतस," पुना सांगायला लागला. "बातम्या मांगून. एस.टी. स्टँडवर तं एक वाचस अन् धा जण हासतस."

"मग वाच ना. अक्षर लय बारीक हाये."

पुनाने एकेक वाचून दाखवलं. सरकारी साहेब पंचवार्षिक योजनेचा तक्ता घेऊन उभा आहे, मागे पाळणा टांगलेला आहे आणि भागाबाई म्हणते, 'साहेब, तुमची योजना पाच वर्षांची. आमच्या घरात दरसालची आहे.' अक्काने पदर तोंडाला लावला. मग निवडणुकीच्या वेळचं. व्यासपीठावर पुढाऱ्यांची रांग, सगळ्यांची तोंडं उघडी, आणि भागाबाई म्हणते, 'मागणीपेक्षा पुरवठा जास्त झाला की भाव पडतो. मागे केळीचं झालं, यंदा भाषणांचं होणार.'

अक्का हसली ती अशी, की डोळ्यांतून पाणी आलं. आणि तेवढ्यात कागदाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन जीवराम आत आला.

गठ्ठा टाकून तो अक्काच्या पाया पडला. अक्काने त्याचा कान धरला. "पोरगी पाहायले आली मी. नारळ-खण घेऊन आली. अन् अठी मीच भीतीवर बसलेली."

जीवरामला आधी कळेना, मग कळलं, आणि तोही पुनाच्या शेजारी खाली बसला. तिघं मिळून इतकी हसली, की समोरचा रतिलाल शिंपी कात्री हातात घेऊन डोकावून गेला.

हसून झाल्यावर जीवरामने खरी गोष्ट सांगितली. भाषणांचं चित्र छापल्यावर एक पत्र आलं होतं. खाली सही, 'एक पदवीधर वाचक'. त्याने ते वाचून दाखवलं.

'भागाबाई एका चित्रात म्हणते की प्लेगच्या साली ती पाळण्यात होती. म्हणजे तिचं वय आज साठीच्या घरात. लुगडं, गोंदण, चूल आणि बोली पाहता ती रावेरकडच्या शेतकरी घरातली. ती कॉलेजच्या वयाची होती तेव्हा खानदेशात कॉलेज नव्हतं, आणि अशा घरातली मुलगी मराठी चौथीपर्यंतही जात नव्हती. मग मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत तिला कुणी शिकवला? हे पात्र खोटं आहे. व्यंगचित्रकाराने नाक वाढवावं, अक्कल वाढवू नये. भागाबाई किती शिकली आहे याचा खुलासा व्हावा.'

"शेठजी म्हणतात, लिहिणारा मोठा वकील आहे, कोर्टाच्या नोटिसा तोच पेपरला देतो," जीवराम म्हणाला. "भागाबाईने यापुढे शेण-गोवऱ्यांचंच बोलावं, नाही तर तिला बंद करून कॉलेजात शिकलेला एखादा चष्मेवाला काढावा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, चष्मेवाला मला येत नाही. भागाबाई बोलते ते मी ऐकलेलं आहे. तर म्हणतात, शुक्रवारी वकीलसाहेब येतील, त्यांच्यासमोर सिद्ध कर. बंद झालं चित्र, तर प्रुफं तपासायला त्यांना माझी गरज नाही. आणि आखाजी पंधरा दिवसांवर आहे."

अक्काने पिशवी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "उद्या येऊ दे त्याले."

शुक्रवारी सकाळी रुपचंदशेठ आले. पेपरचे मालक आणि संपादक तेच. पांढरीशुभ्र टोपी, मवाळ माणूस, कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. त्यांनी अक्काला नमस्कार केला, चित्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. मग फार मायेने विचारलं, "अक्का, आपलं शिक्षण किती?"

अक्काला खोटं बोलता येत नसे. देवळात जाणाऱ्या तोंडाने खोटं कसं बोलायचं, असं तिला वाटायचं.

"मी शाळेत गेली नाही भाऊ. पोथी वाचते, तीबी बोट ठेवून."

शेठजींनी जीवरामकडे पाहिलं. "बघ. वकीलसाहेब म्हणतात ते चुकीचं काय आहे? वय पाहा, घराणं पाहा."

जीवरामने मान खाली घातली. अक्काला वाटलं, जीभ जळो आपली. ज्याच्यासाठी आलो, त्याचीच बाजू आपण पाडली. पण खरं तेच सांगितलं होतं, दुसरं काय सांगणार? तिला नुसतं बसवेना. छापखान्याच्या कोपऱ्यात चहाची शेगडी होती. ती तिथे जाऊन पाठ करून बसली आणि कोळसे फुंकायला लागली.

वकीलसाहेब दहा वाजता आले. काळा कोट, हातात नोटिसांची चळत. शेठजींनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. उभ्यानेच बोलायला लागले आणि बोलता बोलता मशीनपासून दारापर्यंत, दारापासून मशीनपर्यंत फेऱ्या मारायला लागले.

"शेठजी, माझं वैयक्तिक काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. पात्राचं वय आणि पार्श्वभूमी यांवरून त्याचं शिक्षण ठरतं. साठीची खेडवळ बाई सिद्धांत बोलायला लागली, तर वाचकांनी विश्वास कसा ठेवायचा? उद्या तुम्ही बैलाच्या तोंडी कायदा घालाल."

अक्काचे हात थांबले. तो आवाज. ती पावलं. दर वळणाला टाच घासायची, आणि बोलणं रंगात आलं की पावलं भरभर पडायची. दहा वर्षांपूर्वी हीच पावलं तिच्या पाठीमागून दिवसातून शंभरदा जायची.

मागे न वळता ती तेव्हासारखीच म्हणाली, "अभिमन, खाली बस रे. चकरा मारू नको, माझ्या पिठात धूळ जाते."

पावलं थांबली. मशीनही थांबलं. वकीलसाहेब त्या पाठीकडे, पदराकडे, शेगडीकडे पाहत राहिले. चेहरा पाहून त्यांनी तिला रस्त्यात ओळखलंही नसतं. चार वर्षं त्यांनी पाहिली होती ती पाठच.

"अक्का?"

"अक्काच. वकील झाला म्हणतात. बरं झालं. सुकला का असा? घरी जेवतो ना?"

अभिमन मूळचा पारोळ्याकडचा. आत्याचं सासर अक्काच्या गावात, म्हणून आत्याच्या गावच्या खोलीत चार वर्षं राहून तो बी.ए. झाला होता. जीवराम खोलीवर आला, त्याच्या आधीच तो वकिली शिकायला पुण्याला गेला. त्याने काळ्या कोटासकट वाकून अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा कोटाला कोळशाची राख लागली.

"बस असा समोर," अक्का म्हणाली. "आता मले सांग. केळीचा माल एकदम निघाला अन् दिल्लीच्या वॅगन कमी पडल्या, तर भाव काय होतो?"

"पडतो."

"काहून?"

"पुरवठा जास्त, मागणी..." अभिमन बोलता बोलता अडखळला.

"हे मले कोणी सांगितलं?"

अभिमन कोटाची राख झटकायला लागला.

"पावसाळ्याचे दिवस व्हते. तुले पहिली भाकर पाहिजे व्हती. चार डाव सांगितलं तू, मले पटेना. मग केळीचा घड आणला समोर, एकेक फणी काढून बाजूला ठेवली अन् सांगितलं, तवा पटलं. भाकर खाल्ली तू. एक नाही, दोन खाल्ल्या. अन् आता पेपरात लिहितो, बाईले कोणी शिकवलं?"

पुना मशीनमागे तोंड लपवून हसत होता. शेठजी टोपी काढून डोकं पुसत होते. अभिमनच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग हसू, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस जसा दिसतो तसा तो दिसायला लागला, अगदी एकोणिसाव्या वर्षाचा.

"शेठजी," तो म्हणाला, "मघाशी यांना शिक्षण विचारलं असेल तुम्ही."

"विचारलं. शाळेत गेल्या नाहीत म्हणाल्या."

"शाळेतच गेल्या नाहीत. कॉलेजचं विचारलंत का? अक्का, किती वर्षं झाली खोलीवर?"

अक्का बोटं मोजायला लागली. "या जूनमध्ये दहा पुरी होतीन. पहिलं वर्ष सहा डाव केलं मी. इंटर, हा जीवराम दोनदा बसला म्हणून, लय डाव झालं. बी.ए.ले इतिहासवाले तीन व्हते, अर्थशास्त्राचे तुम्ही दोघं. एक डॉक्टरकीचा व्हता, पण त्याचं बेडकाचं काही मी ऐकून घेतलं नाही. स्वयंपाकाजवळ नको म्हटलं."

"आणि परीक्षा?"

"परीक्षा मी घेत व्हती, देऊ कशाले?"

मग शेठजींनाच हसू आवरेना. अभिमन उठला, सवयीने एक फेरी मारणार होता, पण अक्काकडे पाहून बसला. कागद मागितला. "माझं पत्र छापा," तो म्हणाला, "शब्दही न गाळता. आणि खाली उत्तर छापा. उत्तर मी लिहितो. माझ्या सहीने."

त्याने लिहिलं ते असं. 'भागाबाईचं वय प्लेगच्या सालापासून मोजावं. घराणं शेतकऱ्याचं. शिक्षण, कॉलेज दहा वर्षं, बैठक चुलीपुढे. प्रस्तुत वाचकाकडून अर्थशास्त्र तिनेच पक्कं करून घेतलं, हे तो विसरला होता. वय आणि राहणी यांवरून त्याने जो निष्कर्ष काढला, तो मागे घेत आहे.'

लिहून झाल्यावर त्याने जीवरामला विचारलं, "खरं सांग. ते भाषणाचं चित्र माझ्यावरच होतं ना? तिसरा, कोटवाला?"

"साहेब, तुमच्या सभेला मी होतो," जीवराम म्हणाला. "पुरवठा भरपूर होता."

त्या दिवशी दुपारपर्यंत शेठजींनी जीवरामला पेपरचा कायम चित्रकार नेमल्याचा कागद केला. मसुदा वकिलांनीच केला, त्यामुळे तो जरा लांब झाला. अक्काने आणलेली साखर सगळ्यांच्या हातावर ठेवली. खण तिने पुनाच्या घरी, त्याच्या लेकीसाठी दिला. नारळ ग्रामदेवी एकवीरेच्या देवळात फोडला.

आखाजीला अक्का गावी गेली. माहेरी आलेल्या पोरी कडुनिंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या. अंगणात आमरसाची तयारी चालली होती. ओसरीवर कौतिक बसला होता, आणि समोर सालदारकीसाठी आलेली दोन माणसं, एक जुना सालदार आणि दुसरा निंबा, शेजारच्या गावचा, गरीब आणि कामाला वाघ. निंबाला बोलावलेलं नव्हतं. तो आशेनेच आला होता.

अक्काने पेपर दिराच्या मांडीवर ठेवला आणि वर शेठजींचा कागद. कौतिक तिसरी शिकलेला. तो एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागला. वाचता वाचता थांबला, चित्राकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. झोक्यावरच्या पोरी ऐकायला खाली उतरल्या. एकीने चित्र पाहिलं आणि म्हणाली, "ओ आबा, ही तं आपली अक्का." मग पेपर या हातातून त्या हातात फिरायला लागला, आणि अंगणात हसण्याचा असा गलबला झाला, की शेजारच्या बायका पीठभरल्या हातांनी आल्या.

कौतिक एकटा हसत नव्हता. तो शेठजींचा कागद पुन्हा वाचत होता. "कायम म्हणजे कायम ना, वयनी?"

"वकिलाने लिहिलं हाये. त्याचा शब्द हलत नाही."

"दहा वर्षं कॉलेजात व्हती तू. मले कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं?"

कौतिकने कागदाची घडी केली आणि जीवरामसाठी राखून ठेवलेल्या नदीकडच्या केळीच्या रानाच्या दिशेने एकदा पाहिलं. मग जुन्या सालदाराकडे वळला. "तू तर हायेच." आणि निंबाला म्हणाला, "निंबा, यंदा तूबी राह्य. नदीकडचं रान तुझ्याकडे."

निंबाने हात जोडले. घरात सालदारासाठी एकच पान मांडलेलं होतं. अक्का आत गेली, दुसरं पान मांडलं आणि वाटी काठोकाठ आमरसाने भरली.